राखेवरची तार

१

आग विझल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गावची ढोरं राखणारा झुलाल सापडला. कुरणाच्या वरच्या अंगाला, बोरीच्या झुडपाशी पालथा पडला होता. त्याला उचललं तेव्हा अंगाखालचं गवत तेवढं पिवळं राहिलेलं दिसलं. बाकी डोंगरउतार नजर पोचेल तिथवर काळा.

गाव धामणदरा, पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगराच्या पोटात वसलेलं. साल १९९२, फाल्गुन महिना. घरं बहुतेक कुडाची, गवतानं शाकारलेली. गावाच्या डोक्यावर हे कुरण, आणि कुरणातून थेट घरांच्या छपरांवरून गेलेली विजेची मोठी लाइन. उन्हाळी वारा सुटला की तारा एकमेकींवर आपटत आणि ठिणग्या खाली पडत. तीन वर्षांपूर्वी अशाच आगीत निम्मं गाव जळालं होतं. चौकशीत मात्र आलं, कुणाच्या तरी विडीनं आग लागली.

तेव्हापासून कमलबाई एकाच गोष्टीच्या मागे होती. ती गावच्या गवत सोसायटीची अध्यक्ष. कुरणातली आणि घरांवरची लाइन काढा, तेवढ्या टप्प्यात जमिनीखालून केबल टाका, हे तिचं मागणं. खांब हलवायला दुसरी जागा नव्हती. एका बाजूला राखीव जंगल, दुसऱ्या बाजूला नाला. गावानं आपला वाटा म्हणून पुढच्या हंगामांचं गवत देऊ केलं, चर आम्ही खोदतो म्हणून सांगितलं. उरलेला खर्च जिल्ह्याच्या नियोजन समितीनं उचलायचा होता. समिती दर वेळी एकच विचारी : तार ठिणगी टाकते याला पुरावा काय?

आणि आग लागली ती नेमकी समितीचे सभासद पाहणीला आले असताना, भर दुपारी. चावडीसमोर चहा घेणाऱ्या साहेबांनी ती डोळ्यांनी पाहिली. खाली पडलेली तार पाहिली. जाताना त्यांचे प्रमुख म्हणाले, "कमलबाई, केबल मंजूर समजा. फक्त विद्युत निरीक्षकाचा अहवाल येऊ द्या."

आगीत माणूस गेला आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

२

धुळ्याहून निरीक्षक आले ते रुपचंद भामरे. उंच, वाळकुडा माणूस. त्यांना एका जागी बसवत नसे. बोलतानाही येरझाऱ्या घालायचे आणि समोरचा उगाच अस्वस्थ व्हायचा.

"सरळ केस आहे साहेब," पिंपळनेरचा जमादार म्हणाला. "वायरमन छगन त्या वेळी कुरणातच होता. तारेशी काहीतरी करायला गेला, तार तुटली, आग लागली, माणूस मेला. तुमचा कागद आला की त्याला उचलतो."

गावात शिरताच कमलबाई सामोरी आली. पंचेचाळिशीची, सडसडीत, कचेऱ्यांचे उंबरे झिजवून शहरी बोलायला सरावलेली. तिनं भामऱ्यांना पाणी दिलं आणि जरा घुटमळून म्हणाली, "साहेब, छगनला गोवू नका. लेकुरवाळा माणूस आहे. तार जुनी होती, आपोआप तुटली, एवढं लिहिलं तरी पुरे."

भामऱ्यांना ते आवडलं. मेलेल्या माणसाच्या गावात कुणीतरी जिवंत माणसाची काळजी करत होतं.

ते कुरणात गेले. वारा होताच. जळक्या काड्या उडून कपड्यांना चिकटत होत्या, डोळे चुरचुरत होते. तुटलेली तार अजून तशीच पडून होती. ती कुणी हलवू नये म्हणून एक शिपाई ठेवला होता. भामरे तारेच्या कडेकडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि परत आले. मग उकिडवे बसले आणि तार दोन्ही हातांनी अलगद उचलून बाजूला ठेवली.

खाली काळं होतं. दोन्ही बाजूंना जेवढं काळं, तेवढंच तारेखाली. गवताचे जळके बुडखे ताठ उभे होते.

त्यांनी आणखी थोडी तार उचलली. तिथंही तेच.

"जमादार, झुलालला उचललं तेव्हा त्याच्या खाली काय होतं?"

"गवत, साहेब. पिवळं."

"कारण तो आधी पडला आणि आग नंतर आली. अंगाखालचं गवत दबलं, तिथं आग शिरली नाही. ही तारही आधी पडली असती तर तिनं गवत दाबलं असतं. तिच्याखाली एक फिकी रेघ उरली असती." भामरे हात झटकत उठले. "तारेनं आग लावलेली नाही. आगीच्या धगीनं मऊ पडून तारच तुटली आणि राखेवर येऊन पडली."

"आणि तुटण्याआधी दोन तारा आपटून ठिणगी पडली असली तर?"

भामऱ्यांनी तारेवरून बोट फिरवत नेलं. तारा आपटल्या की जागोजाग लहान खळगे पडतात. ही तार गुळगुळीत होती.

जमादार खाली वस्तीकडे बघत राहिला. "म्हणजे कुणीतरी लावली?"

३

भामऱ्यांना स्वतःच्या डोळ्यांवर एकदम भरवसा ठेवण्याची सवय नव्हती. ते पिठाच्या चक्कीवर गेले. आगीच्या वेळी तिथं झुंबरबाई दळण घेऊन बसली होती.

"चक्की बंद पडली तेव्हा तुम्ही काय केलं, अक्का?"

"काय करसु? अर्धं दयन तसंच ऱ्हायनं," झुंबरबाई म्हणाली. "पन धूर तं मी आधीच दखा व्हता."

भामरे फेऱ्या घालता घालता थांबले. "आधी म्हणजे?"

"दारमाईन धूर दखायना. मी म्हनं, कोठे तरी आग लागनी. तवय चक्की चालूच व्हती, मना पीठ पडी ऱ्हायनं व्हतं. बठ्ठा लोके पयाले लागनात, मंग चक्की बंद पडनी."

आधी धूर, मग वीज गेली. तार तुटल्यानं आग लागली असती तर हे उलट घडलं असतं. राखेनं जे सांगितलं तेच चक्कीनंही सांगितलं.

छगन पिंपळनेरला आपल्या खोलीत होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीला खिळलेली. भामऱ्यांनी तारेचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, तू तिथं कशाला गेला होतास?

"समिती येणार म्हणून सकाळीच वरून हुकूम आला, त्या टप्प्यातल्या तारा ताणून घे. लाइन बंद करून मिळेपर्यंत बोरीच्या सावलीला टेकलो. डोळा लागला." तो थांबला. "झुलालच्या हाकेनं जाग आली. 'छगन, पय, पय,' म्हणून ओरडत तो धुरातून येत होता. मी नाल्याकडे पळालो. तो माझ्या मागेच आहे असं वाटलं. मागं वळून बघितलं नाही, साहेब."

"तू वर आहेस हे कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही. गावात न शिरता नाल्याच्या वाटेनं गेलो. झुलालची तेवढी गाठ पडली. तो गावची ढोरं घेऊन नाल्यापलीकडे चालला होता."

"नाल्यापलीकडे? तिथं चारा आहे?"

"नुसता खडक आहे."

"मग रोज ढोरं कुठं चरतात?"

"कुरणातच. कापणी झाली की तिथंच सोडतात." छगननं पहिल्यांदा वर पाहिलं. "त्या दिवशी एकही नव्हतं."

४

गावात कुजबूज होती ती रिखबचंदबद्दल. हा दोंडाईच्याचा गवताचा व्यापारी. पिंपळनेरला त्याची वखार होती आणि कुरणाच्या कडेला त्यानं विकत घेतलेल्या गवताची मोठी गंजी. ती राख झाली होती. गंजीचा विमा उतरवलेला होता, हे लोक एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होते.

रिखबचंदनं भामऱ्यांना बसायला गादी दिली. भामरे उभेच राहिले.

"मला माहीत आहे लोक काय बोलतात," तो शांतपणे म्हणाला. "त्या दिवशी मी दोंडाईच्याला भाचीच्या लग्नात होतो. तर म्हणतात, मुद्दाम लांब गेला. इथं असतो तर म्हणाले असते, यानंच काडी लावली. विमा गंजीचा मिळेल साहेब, पण पाऊस पडेपर्यंत दूधवाल्यांच्या म्हशींना मी काय घालू? एकदा गिऱ्हाईक तुटलं की तुटलं. माझा धंदा गवताचा आहे, राखेचा नाही."

"कुणावर संशय आहे तुमचा?"

"झुलाल रात्री माझ्याच गंजीवर राखण करायचा. दहा वर्षं. त्याच्या जाण्यावर कुणाचं नाव घेऊन मोकळं व्हावं, असं मला वाटत नाही."

भामरे परत कुरणात गेले. शांत बसवत नव्हतं. आग पसरत जाते तशी पंख्यासारखी रुंदावते. तिच्या कडा धरून ते उलटे चालत गेले. दोन्ही कडा जिथं मिळाल्या ती जागा बरोबर लाइनच्या खाली होती. तिथं तीन दगड होते. दोन उभे, एक त्यांच्यावर आडवा. चुलीसारखे, पण चूल म्हणायला फार लहान.

त्यांनी वरचा दगड काढला. आत गोवरीचा अर्धा तुकडा होता. एका बाजूनं पांढरी राख झालेली, दुसरीकडे थापणाऱ्या बोटांच्या खुणा अजून शाबूत.

शिपाई बघत होता. "कुरणात गोवरी कुणी नेत नाही साहेब. फाल्गुन लागला की इथं विडीसुद्धा ओढू देत नाहीत. कमलबाईंचाच तसा दंडक आहे."

पेटवलेली गोवरी सकाळभर धुमसते. आडोसा केला तर ज्वाळा दिसत नाही, धूरही नावाला. दुपारचा वारा सुटला की मग आजूबाजूचं गवत धरतं. म्हणजे आग लागली तेव्हा कोण कुठं होतं, या प्रश्नाला आता काही अर्थच उरला नव्हता. लावणारा तेव्हा दोंडाईच्याला लग्नात असू शकत होता, किंवा चार माणसांत बसून चहा पीत असू शकत होता.

एक माणूस मात्र संशयातून सुटत होता, छगन. स्वतः लावलेल्या गोवरीच्या वाऱ्याखाली कुणी झोप काढत नाही.

५

झुलालची बायको भिकुबाई दारात बसली होती. आजूबाजूच्या बाया भामऱ्यांना पाहून उठून गेल्या. ते तिच्यासमोर उभे राहिले, मग अवघडून खाली वाकले.

"अक्का, त्या सकाळी झुलालभाऊंनी काय काय केलं, सांगाल?"

"ढोरं सोडात. त्याना आधी वरनी आळीमा घरोघर फिरना."

"कशासाठी?"

"निरोप सांगाले. आज ढोरं नालापल्याड नेवानी. पोरेस्ले खाल शायमा बसाडी ठेवानं. घरना छपरवर पानी मारानं."

"छपरावर पाणी?"

"साहेब लोके येनार शेत, धूय उडाले नको म्हने." भिकुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आमले बी नवल वाटनं. साहेब येस तवय कोनी छपरं भिजाडस का? पन त्यानी सांगं, आमी करं."

म्हणूनच वरच्या आळीचं एकही छप्पर पेटलं नव्हतं. गावात सगळे याला दैवाची कृपा म्हणत होते.

भामऱ्यांच्या मनात इतके दिवस जे नुसतं सलत होतं, त्याला आता आकार आला. विम्यासाठी आग लावणारा माणूस ढोरं बाजूला काढत नाही. सूड घेणारा पोरांना शाळेत बसवत नाही. ही आग लावणाऱ्याला एकही जीव जायला नको होता. त्यानं सगळं गाव वाचवलं होतं, फक्त जो गावात आलाच नाही त्या वायरमनचा त्याला पत्ता नव्हता.

"हा निरोप झुलालभाऊंना कुणी दिला?"

भिकुबाईला या प्रश्नात काही विशेष वाटलं नाही. "कमलअक्कानी," ती म्हणाली. "सकायले भाकर खावाले बलायं व्हतं, तवयच सांगं."

६

संध्याकाळी भामरे कमलबाईच्या अंगणात गेले. तिनं खाट टाकली. ते बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत. ते पाहूनच बहुधा तिला कळलं.

त्यांनी सगळं ओळीनं सांगितलं. तारेखालची राख, चक्की, तीन दगड, गोवरी, भिजवलेली छपरं. आवाज चढवला नाही. "आग लागली तेव्हा तुम्ही समितीबरोबर चावडीत होतात. पण गोवरी पहाटेच ठेवलेली होती. आणि तुम्ही मला पहिल्याच भेटीत म्हणालात, तार जुनी होती असं लिहा. तार दोषी ठरावी पण छगन अडकू नये, हे दोन्ही हवं असलेलं माणूस गावात एकच होतं."

कमलबाईनं नाकारलं नाही. ती कुडाला टेकून उभी होती.

"तीन वर्षांपूर्वी माझी जाऊ गेली," ती म्हणाली. "बाळंतीण होती, उठून पळता आलं नाही. ठिणगी पडताना मी स्वतः पाहिली होती. कागदावर आलं, विडी. तेव्हापासून मी साक्रीला गेले, धुळ्याला गेले. साहेब लोक बघायला येतात त्या दिवशी वारा पडलेला असतो. तार गरीब गाईसारखी उभी. ते हसतात आणि जातात. या वेळी नाही म्हणाले असते तर पुन्हा कुणी आलं नसतं. म्हटलं, एकदा यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे. माणूस नको, ढोर नको, घर नको. नुसतं गवत. गवत आमचंच आहे."

"रिखबचंदची गंजी?"

"त्याचा विमा होता. त्याचं काही जाणार नाही, असं वाटलं." ती थांबली. "छगन वर आहे हे मला ठाऊक नव्हतं. झुलालनानाला ठाऊक होतं. धूर दिसल्यावर तो त्याच्यासाठी परत फिरला. मला सांगायलाही थांबला नाही."

बाहेर वारा वाढला होता. वीज बंद असूनही दोघांची नजर आपसूक घरावरच्या तारांकडे गेली.

"मला न्या साहेब. मी कुठंही येते. पण अहवालात तार लिहा. केबल झाली की मग माझं काहीही होऊ द्या."

"तार लिहिली की छगन आत जातो."

"आपोआप तुटली, लिहा."

"ते खोटं आहे. आणि उद्या ते उघडं पडलं, तर तुमच्या खऱ्या ठिणगीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. तेव्हा विडीवर ठेवला तसाच यापुढे दर वेळी गोवरीवर ठेवतील, आणि पुढच्या आगीला ही पोरं इथंच असतील."

कमलबाई कुडापासून दूर झाली. मग बोलली ती घरच्या बोलीत. "भिकुबाईले मी सांगसु. तुम्ही नका सांगू."

७

ती एकटीच गेली. भामरे रस्त्यावर उभे राहिले, पण कुडातून सगळं ऐकू येत होतं. कमलबाईनं काहीही न लपवता सांगितलं. मग भिकुबाईचा आवाज आला, अगदी हलका.

"त्या सकायले तुना हातनी भाकर खाईसन गयथा तो."

कमलबाई हळूच काही म्हणाली, ते कळलं नाही.

"आते जाय," भिकुबाई म्हणाली. "मना दारमा परत येऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलबाई पायी पिंपळनेरच्या ठाण्यात गेली. पुढे धुळ्याच्या कोर्टात तिनं गुन्हा कबूल केला. वकिलानं खूप समजावलं, पण तिनं शब्द फिरवला नाही.

ती ठाण्यात पोचली त्याच वेळी भामरे छगनला घेऊन घरांवरच्या लाइनच्या खांबांवर चढले होते. कुरणातली तार गुळगुळीत होती. ही तशी नव्हती. दोन्ही तारांना एकमेकींसमोर खळगे पडले होते, काही ठिकाणी अर्धीअधिक तार खाल्लेली. वर्षानुवर्षं त्या आपटत होत्या, खाली झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर. कमलबाई तीन वर्षं जे सांगत होती, त्याचा पुरावा तिच्या घराच्या छपरावर लोंबत होता. तो बघायला कुणी शिडी लावली नव्हती, इतकंच. भामरे खाली उतरले आणि बराच वेळ धुळीत फेऱ्या मारत राहिले. त्यांच्या खात्याचा माणूस अपघात झाल्याशिवाय कधी येतच नसे.

त्यांनी दोन अहवाल दिले. पहिल्यात लिहिलं, आग तारेनं लागलेली नाही, वायरमन निर्दोष. समितीनं त्याच आठवड्यात केबलची मंजुरी मागे घेतली. दुसऱ्यात लिहिलं, ही लाइन माणसांच्या जिवाला धोका आहे. ती जमिनीखाली जाईपर्यंत सुरू करता येणार नाही. तो अधिकार त्यांचा होता.

लाइन बंद राहिली. धामणदऱ्याच्या पुढच्या गावांतल्या विहिरींवरच्या मोटारी बंद राहिल्या. बागायतदार धुळ्याला खेटे घालू लागले. वरिष्ठांनी भामऱ्यांना दोनदा बोलावून घेतलं, समज दिली, बदलीची भाषा केली. ते दोन्ही वेळा त्यांच्या टेबलासमोर येरझाऱ्या घालत ऐकत राहिले आणि लाइन सुरू करायच्या परवानगीवर सही न करता परत आले. कमलबाईच्या तीन वर्षांच्या अर्जांनी जे झालं नव्हतं, ते बागायतदारांच्या सुकत्या उसानं केलं. पावसाळ्यानंतर समितीनं खर्च मंजूर केला. गावाच्या वाट्याचं गवत रिखबचंदनं कापणीआधीच विकत घेतलं. भाव नेहमीचाच दिला, एक पैसा जास्त नाही, एक पैसा कमी नाही.

चर खोदायचं काम गावानं वाटून घेतलं, दर घराला एक तुकडा. छगन रजा काढून आला आणि पहिल्या दिवसापासून भिकुबाईच्या तुकड्यावर कुदळ चालवू लागला. तिनं त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिचा तुकडा पुरा झाल्यावर त्यानं घाम पुसला आणि कुदळ खांद्यावर टाकली. भिकुबाई मात्र थांबली नाही. पाटी आणि फावडं घेऊन ती शेजारच्या तुकड्यावर गेली. तो कमलबाईच्या घराचा होता आणि तिथं अजून कुणी हात लावला नव्हता.

झुंबरबाईनं काम थांबवून विचारलं, "माफ करं का तू तिले?"

"नही," भिकुबाई म्हणाली. "पन तिना वाटाना चर तसाच ऱ्हायना, तं केबल कथाईन जाई?"

तिनं पदर कमरेला खोचला आणि फावडं मारलं. छगन क्षणभर उभा राहिला, मग खांद्यावरची कुदळ उतरवून तिच्या शेजारी खोदू लागला.